केडीई कनेक्ट आणि लोकलसेंड : फोन व डेस्कटॉप बिनतारी जोडण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

स्थावर मालमत्तेचे मूल्यांकन करणे हा माझा व्यवसाय असून माझे छोटेसे कार्यालय नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. दिवसातून दोन-तीन ठिकाणी पाहणीसाठी जावे लागते. सकाळी पाथर्डी फाट्यावरची एखादी सदनिका, दुपारी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील शेड, तर एखाद्या दिवशी सिन्नरच्या बाजूचा बिनशेती भूखंड. प्रत्येक ठिकाणी फोनवर पंचवीस-तीस फोटो निघतात, कागदपत्रांची पाने फोनवरच स्कॅन होतात, मालकाने पाठवलेला नकाशावरचा ठिकाणाचा दुवाही फोनवरच येतो. अहवाल मात्र लिहायचा असतो डेस्कटॉपवर, कारण एका बाजूला खरेदीखत आणि दुसऱ्या बाजूला अहवालाचा नमुना उघडून काम करण्याइतका मोठा पडदा तिथेच आहे. फोनमधला ऐवज रोज संध्याकाळी त्या संगणकात कसा न्यायचा, हा आमच्या कार्यालयाचा जुना प्रश्न होता आणि तो सोडवण्यासाठी गेल्या आठ महिन्यांत जे वापरून पाहिले, त्याचे हे परीक्षण आहे.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. फोटो आणि मोठ्या फाइली पाठवण्यासाठी लोकलसेंड, आणि दिवसभराच्या किरकोळ देवाणघेवाणीसाठी केडीई कनेक्ट, अशी दोन ॲप्स मी कायम ठेवली आहेत. दोन्ही मोफत आहेत, दोन्हींचा स्रोत खुला आहे आणि दोन्हींसाठी कुठेही खाते उघडावे लागत नाही. परंतु ही ॲप्स चांगली चालतात की नाही, हे त्यांच्यापेक्षा राउटर कुठे आहे, त्याला कोण कसे जोडले आहे आणि भिंतीतून गेलेल्या वायरीच्या टोकाला कोणी काय केले आहे, यावर अधिक अवलंबून असते. माझे पहिले तीन आठवडे ॲप्स बदलण्यात वाया गेले, आणि दोष निघाला तो सगळा जोडणीत.

आधी आम्ही काय करत होतो, तेही सांगितले पाहिजे. सुरुवातीला यूएसबी केबल होती. केबलमध्ये मुळात काही वाईट नाही. शंभर जीबीचा साठा एकदाच हलवायचा असेल तर आजही मी केबलच लावीन. पण दिवसातून चार वेळा ती लावणे, फोनवर दरवेळी 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय निवडणे, हिरवी पट्टी सरकेपर्यंत पाहत बसणे आणि संगणकाच्या पुढच्या बाजूचे पोर्ट सैल झाले की वाकून मागचे पोर्ट चाचपणे, याला कंटाळून आम्ही नाशिकमधील निम्मे व्यावसायिक करतात तेच करू लागलो: व्हॉट्सॲपवर स्वतःलाच फोटो पाठवायचे आणि संगणकावर ते उतरवून घ्यायचे.

यात एक गंभीर अडचण आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकाराने लहान होतेच, शिवाय फोटो कधी आणि कुठे काढला ही त्याच्या पोटात नोंदलेली माहितीही गळून पडते. बँकेला मालमत्तेचे फोटो अक्षांश-रेखांश आणि वेळेसह हवे असतात. ती नोंद नसलेला फोटो आमच्या दृष्टीने निम्मा निकामी ठरतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास मूळ फाइल शाबूत राहते, हे खरे आहे. पण मग टेबलावरच्या फोनपासून चार हातांवरच्या संगणकापर्यंत जाण्यासाठी तीच फाइल इंटरनेटवरून बाहेर जाऊन परत येते. शिवाय लोकांची खरेदीखते आणि मिळकत पत्रिका अशा फिरवत राहणे मला बरे वाटत नव्हते.

ब्लूटूथचा विचार पहिल्याच दिवशी सोडून दिला. ज्या डॅनिश राजाच्या नावावरून त्याचे नाव पडले तो दहाव्या शतकातला असला तरी तंत्रज्ञान इतके जुने नाही, पण मोठ्या फाइलींसाठी ते घडवलेलेच नाही. फाइल पाठवताना ब्लूटूथचा प्रत्यक्षातला वेग सेकंदाला दोन मेगाबिटच्या आसपास असतो. आमचे रोजचे सत्तर फोटो सरासरी ४ एमबीचे धरले तर २८० एमबी होतात, म्हणजे एका एमबीचे आठ मेगाबिट या प्रमाणात २,२४० मेगाबिट. या हिशेबाने अठरा-एकोणीस मिनिटे लागतील. हेडफोन आणि कीबोर्डसाठी ब्लूटूथ उत्तम आहे, तिथेच त्याला राहू द्यावे.

विंडोजबरोबर येणारे फोन लिंक आणि गूगलचे क्विक शेअर यांच्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण माझ्या संगणकाला ती फारशी लागू पडली नाहीत. फोन लिंक आधी 'युअर फोन' या नावाने ओळखले जाई आणि २०२२मध्ये त्याचे नाव बदलले. ते वापरण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते आणि संगणकावरून फोनवर बोलायचे असेल तर संगणकात ब्लूटूथ असावे लागते. क्विक शेअर हे मूळचे 'निअरबाय शेअर'. २०२०मध्ये ते अँड्रॉइडवर आले, २०२३मध्ये विंडोजवर आले आणि २०२४मध्ये सॅमसंगच्या त्याच धर्तीच्या सोयीशी जोडून त्याला आजचे नाव मिळाले. त्यालाही जवळचे उपकरण ओळखण्यासाठी ब्लूटूथ लागते. माझा डेस्कटॉप सुटे भाग आणून जुळवलेला आहे, त्याच्या मदरबोर्डवर वायफायही नाही आणि ब्लूटूथही नाही. ज्यांच्याकडे अलीकडचा लॅपटॉप आहे त्यांनी क्विक शेअर आधी जरूर पाहावे. डेस्कटॉपवाल्यांना मात्र त्यासाठी वेगळी खरेदी करावी लागते.

महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून मी यूएसबीला लावायचा छोटा वायफाय डोंगलही आणला होता. तो वायफायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा होता, आणि रविवार कारंज्यासारख्या दाट वस्तीत त्या पट्ट्यावर शेजारच्या वीस-पंचवीस राउटरांची नावे दिसतात. फोनही हवेतून आणि संगणकही हवेतून, म्हणजे एकच फाइल राउटरपर्यंत एकदा आणि राउटरपासून पुन्हा एकदा त्याच गर्दीतून जाणार. आठवडाभर वापरून तो डोंगल खणात ठेवून दिला. डेस्कटॉप हलत नाही, त्यामुळे त्याला बिनतारी करण्यात काही अर्थ नाही. तो राउटरला वायरीने जोडावा आणि फक्त फोन हवेवर ठेवावा, हे मला या सगळ्यातून मिळालेले सर्वांत उपयोगी उत्तर आहे.

आता तो तीन आठवड्यांचा घोळ. लोकलसेंड दोन्हीकडे बसवले, उघडले, आणि फोनला संगणक दिसेना. केडीई कनेक्ट बसवले, तरी तेच. दोन्ही पुन्हा काढून पुन्हा बसवून झाली. फोनवर इंटरनेट व्यवस्थित, संगणकावरही व्यवस्थित. इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलावले तर त्याने फोनवर एक व्हिडिओ लावून दाखवला आणि म्हणाला, "साहेब, नेट चालतंय ना? मग झालं की." त्याच्या बाजूने पाहिले तर तेही खरेच होते.

ही ॲप्स एकमेकांना शोधतात कशी, हे कळल्यावर कोडे सुटले. दोन्ही ॲप्स स्थानिक नेटवर्कवर 'मी इथे आहे' अशी हाक मारतात आणि ज्याला ती ऐकू येते तो उत्तर देतो. वाड्याच्या चौकात उभे राहून हाक मारली तर चौकाभोवतीच्या सगळ्या खोल्यांत ऐकू जाते, पण शेजारच्या वाड्याच्या चौकात जात नाही. तसेच हे आहे. आमच्या कार्यालयात काम करणाऱ्या कनिष्ठ अभियंता मुलीने फोनच्या वायफायच्या माहितीत जाऊन त्याचा नेटवर्कवरचा पत्ता वाचला, तो होता १९२.१६८.१.१४. मग संगणकाचा पाहिला, तो निघाला १९२.१६८.०.१०५. "सर, तिसरा आकडा वेगळा आहे," ती म्हणाली, आणि मग ध्यानात आले की आमच्याकडे एक नव्हे तर दोन चौक आहेत. फायबर बसवताना कंपनीने स्वतःचा डबा लावला होता आणि त्यातले वायफाय चालू होते. त्याच्या मागे माझा जुना राउटर तसाच जोडलेला होता. फोनमध्ये कंपनीच्या डब्याचा पासवर्ड भरलेला होता, तर संगणकाची वायर माझ्या राउटरला होती. दोघांनाही इंटरनेट मिळत होते, पण एकाची हाक दुसऱ्याला ऐकू जाणे शक्यच नव्हते. डब्याचे वायफाय बंद केले, सगळ्यांना माझ्या राउटरवर आणले, आणि तिसरा आकडा जुळला.

तरीही संगणक दिसेना, तेव्हा दुसरी गाठ सापडली. विंडोज प्रत्येक नव्या नेटवर्कला 'पब्लिक' समजते, म्हणजे रेल्वे स्थानकावरचे वायफाय असावे तितक्या संशयाने वागवते, आणि बाहेरून आलेल्या हाकांना उत्तर देत नाही. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' या भागात जाऊन स्वतःच्या कार्यालयाचे नेटवर्क 'प्रायव्हेट' करावे लागते. ॲप पहिल्यांदा उघडताना फायरवॉलची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्याची, जी खिडकी येते तिथे घाईघाईत 'कॅन्सल' दाबले असेल, तर फायरवॉलच्या यादीत जाऊन त्या ॲपला परवानगी द्यावी लागते. हाताने पोर्ट (इथे भोक नव्हे, तर ॲपच्या ये-जा करण्याचा क्रमांकित मार्ग) उघडण्याची वेळ आलीच तर लोकलसेंडसाठी ५३३१७ आणि केडीई कनेक्टसाठी १७१४ ते १७६४ हे क्रमांक लागतात. पाहुण्यांसाठी म्हणून जे 'गेस्ट' वायफाय असते, त्यावर उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. तिथे ही ॲप्स चालणार नाहीत आणि तो त्यांचा दोष नाही.

तिसरी गाठ वेगाची होती. सगळे जुळल्यावरही फोटो सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईनात. वाड्याच्या मधल्या भिंती दोन फूट जाडीच्या आहेत आणि वायफायच्या दुसऱ्या, वेगवान पट्ट्याची म्हणजे ५ गिगाहर्ट्झची लहर त्यांतून पार होताना दमते, म्हणून मी भिंतीला दोष देत होतो. परंतु राउटरशेजारी फोन धरला तरी आकडा हलेना. अखेर विंडोजमध्ये त्या जोडणीचा 'लिंक स्पीड' पाहिला तर १०००च्या जागी १०० होता. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेलेल्या वायरीचे टोक काढून उजेडात धरले तेव्हा पारदर्शक प्लगमध्ये नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या दिसल्या. निळी आणि तपकिरी जोडी प्लगच्या मागेच कापून टाकलेली होती. शंभर मेगाबिटसाठी चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात, आणि वर्षांपूर्वी ज्याने कोणी ती वायर ओढली त्याने चारांवर काम भागवले होते. शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी, तेव्हा ११ हा आकडा अगदी चोख होता. दोन्ही टोकांना आठ तारांचे नवे प्लग क्रिंप करून घेतल्यावर, फोन पुढच्या खोलीत राउटरजवळ असेल तर सेकंदाला २५ ते ३० एमबी मिळतात आणि दिवसाचे सत्तर फोटो दहा-बारा सेकंदांत मागच्या खोलीतल्या संगणकावर पोचतात. त्याच फोनसह मागच्या खोलीत जाऊन बसलो तर तो आपोआप २.४ गिगाहर्ट्झवर उतरतो आणि याच कामाला सव्वा मिनिट लागते. म्हणून पाठवायचे काम पुढच्या टेबलावर, चपला काढतानाच उरकून घेण्याची सवय लावली आहे.

आता ॲप्सविषयी. लोकलसेंडचे सौंदर्य त्याच्या साधेपणात आहे. फोनवर 'सेंड' उघडावे, फोटो निवडावेत, खाली दिसणाऱ्या संगणकाच्या नावावर बोट ठेवावे. संगणकावर विचारणा येते, ती स्वीकारली की काम झाले. विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड आणि आयफोन अशा सर्वांवर ते जवळपास सारखेच दिसते. नवे उपकरण जोडले की ते त्याला एक विशेषण आणि एक फळ अशा जोडीतून इंग्रजी नाव देते. आमच्या संगणकाचेही असेच काहीतरी बारसे झाले होते, ते बदलून 'मागची खोली' असे ठेवले आहे, आणि कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकाला ते न विचारता समजते. फाइली सांकेतिक स्वरूपात, थेट एका उपकरणातून दुसऱ्यात जातात, मध्ये कुणाचा सर्व्हर नसतो. यामुळे इंटरनेट बंद असले तरी काम अडत नाही. पावसाळ्यात आणि रस्त्यांच्या खोदकामात आमच्या भागातील फायबर तुटते, आणि सिंहस्थ जवळ आला की नाशकात रस्त्यांची कामे निघतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. अशा दिवशी राउटर इन्व्हर्टरवर चालू असला की फोटो नेहमीच्याच वेगाने पोचतात; अडते ते फक्त बँकेला ईमेल करणे.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्यावी लागते. अँड्रॉइड १०पासून एखाद्या ॲपला खास परवानगी नसेल तर फोटोतील ठिकाणाची नोंद त्या ॲपपासून लपवली जाते. फोटो पूर्ण आकाराचा पोचतो, वेळही बरोबर असते, पण अक्षांश-रेखांश रिकामे. पहिल्या आठवड्यात गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याचे सर्व फोटो मी पाठवले, अहवालात लावले आणि ठिकाणाची नोंद तपासलीच नाही. चूक माझी होती आणि ती बँकेने दाखवण्याआधी लक्षात आली हे नशीब. माझ्या फोनवर फोटो 'मीडिया'ऐवजी 'फाइल' या पर्यायातून, थेट कॅमेऱ्याच्या फोल्डरमधून निवडले की नोंद टिकते. प्रत्येकाने आपल्या फोनवर एक फोटो पाठवून, संगणकावर त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन ती नोंद आहे की नाही हे एकदा डोळ्यांनी पाहावे. फाइलची तारीख आणि फोटो काढल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तिथेच दिसेल.

केडीई कनेक्टचा स्वभाव वेगळा आहे. लिनक्सवरच्या केडीई या जुन्या प्रकल्पातून २०१३मध्ये, 'गूगल समर ऑफ कोड' या विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमातून त्याचा जन्म झाला आणि लिनक्सवर ते अजूनही सर्वांत मोकळेपणाने वावरते. तिथे फोनचे फोल्डर संगणकावर थेट उघडून पाहता येतात. विंडोजवर ते मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून मिळते. एकदा फोन आणि संगणक यांची जोडी जुळवली, दोन्हीकडे दिसणारा संकेत सारखाच आहे ना हे पाहून होकार दिला, की पुढे काहीही करावे लागत नाही. फोन कार्यालयाच्या वायफायवर आला की जोडणी आपोआप होते. लोकलसेंड हा पाहिजे तेव्हा बोलावलेला हमाल म्हटला, तर केडीई कनेक्ट हा दिवसभर हाताशी असलेला कारकून आहे.

सर्वांत जास्त उपयोग होतो तो क्लिपबोर्डचा, म्हणजे कॉपी केलेला मजकूर जिथे तात्पुरता राहतो त्या जागेचा. संगणकावर एखादा गट क्रमांक किंवा पत्ता कॉपी केला की तो फोनवर लगेच पेस्ट करता येतो. उलट दिशेने एक पायरी जास्त आहे: अँड्रॉइड १०पासून पार्श्वभूमीत चालणाऱ्या ॲपला क्लिपबोर्ड वाचता येत नाही, म्हणून फोनवर कॉपी केल्यावर वरची पट्टी ओढून 'सेंड क्लिपबोर्ड' हे बटण दाबावे लागते. हा नियम सुरक्षिततेसाठी आहे आणि तो योग्यच आहे. सवय झाली की बोट आपोआप तिकडे जाते. मालकाने फोनवर पाठवलेला नकाशाचा दुवा, फोनवर पाहिलेल्या सातबाऱ्यावरील क्षेत्र, अशा दिवसातून वीस वेळा लागणाऱ्या गोष्टी आता मी हाताने टंकत नाही. अक्षांशाच्या सहा दशांश स्थळांतील एक आकडा चुकला की मालमत्ता गोदावरीच्या पात्रात जाऊन बसते, हे ज्याने एकदा भोगले आहे त्याला या सोयीची किंमत कळेल.

फोनवरच्या सूचना संगणकाच्या कोपऱ्यात दिसतात, मराठी मजकूर स्वच्छ उमटतो. बँकांच्या संकेतस्थळांवर लागणारा ओटीपी फोन न उचलता दिसावा, हा त्यातला मोठा मोह होता. पण अँड्रॉइड १५पासून ओटीपी असलेल्या सूचनेचा मजकूर अशा ॲप्सपासून झाकला जातो. ज्यांचा फोन नवा आहे त्यांनी ही अपेक्षा ठेवू नये. मला स्वतःला याचे वाईट वाटत नाही, कारण कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर मोठ्या पडद्यावर ओटीपी झळकणे ही फार शहाणपणाची गोष्ट नव्हतीच.

लहानसहान सोयींपैकी दोन मला आता सोडवणार नाहीत. एक म्हणजे संगणकावरून फोन वाजवणे. तो सायलेंटवर असला तरी वाजतो. नकाशांच्या गुंडाळ्यांखाली फोन दडपून गेला की आवाजाच्या दिशेने एकेक गुंडाळी उचलत जावे लागते, पण सापडतो. दुसरी म्हणजे फोन आला की संगणकावर चालू असलेले गाणे आपोआप थांबते. संध्याकाळी अहवाल लिहिताना मी नाट्यसंगीत लावतो, आणि बँकेच्या अधिकाऱ्याने फोनवर पहिल्यांदा ऐकावी ती तान नसावी, एवढी माझी माफक अपेक्षा आहे. फोनचा पडदा टचपॅडसारखा वापरून संगणकाचा बाण हलवता येतो, तेही चालते. मी ते दोनदा वापरले असेन.

केडीई कनेक्टची खरी अडचण फोनच्या बाजूने येते. बॅटरी वाचवण्याच्या नादात पुष्कळ फोन पार्श्वभूमीतील ॲप्स परस्पर बंद करून टाकतात, आणि मग दुपारपर्यंत जोडलेला फोन चहा पिऊन येईपर्यंत गायब होतो. माझ्या आधीच्या फोनवर हे रोज घडत होते. फोनच्या सेटिंग्जमध्ये या ॲपच्या बॅटरीच्या पर्यायात जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडावे, आणि काही फोनांवर 'ऑटो स्टार्ट'चीही वेगळी परवानगी द्यावी लागते. हे केल्यानंतर बॅटरी लवकर उतरते अशी तक्रार मला करता येणार नाही. एखाद-दोन टक्क्यांचा फरक असेल तर तो मला जाणवलेला नाही.

ही दोन्ही ॲप्स आपल्या नेटवर्कपुरती आहेत, हे विसरू नये. सिन्नरच्या प्लॉटवर उभे राहून रविवार कारंज्याच्या संगणकावर त्यांनी फोटो पाठवता येत नाहीत. पाहणीच्या ठिकाणी लॅपटॉप बरोबर असेल तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून त्यावर लॅपटॉप जोडावा. मग लोकलसेंड तिथेही चालते आणि फाइली थेट जात असल्याने त्यासाठी मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. फक्त विंडोजला ती जोडणी 'मीटर्ड', म्हणजे मोजका डेटा असलेली, आहे असे सांगून ठेवावे, नाहीतर आपण फोटो पाठवत असताना ते स्वतःचे अपडेट उतरवू लागते. ग्राहकाच्या कारखान्यातल्या किंवा हॉटेलातल्या वायफायवर मात्र लोकलसेंडमधील 'क्विक सेव्ह' बंद असल्याची खात्री करावी. तो चालू असेल तर त्या नेटवर्कवरील कोणीही न विचारता आपल्याकडे फाइल टाकू शकतो. कार्यालयातही मी तो बंदच ठेवला आहे. एक क्लिक जास्त पडते, पण कोणाच्या फोनवरून काय येत आहे ते दिसते.

आमच्या कनिष्ठ अभियंता मुलीकडे आयफोन आहे, त्यामुळे तिच्या बाबतीत गणित थोडे वेगळे आहे. केडीई कनेक्ट आयफोनवरही मिळते, पण तिथे ॲप समोर उघडे असतानाच ते नीट चालते आणि फोनवरच्या सूचना संगणकावर येत नाहीत. तिने ते दोन दिवसांत काढून टाकले. लोकलसेंड मात्र तिच्याकडे उत्तम चालते. फोटो आयफोनच्या 'हाइक' या स्वरूपात असल्याने सुरुवातीला ते विंडोजवर उघडत नव्हते, तेव्हा तिने कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले आणि तेव्हापासून ते थेट जेपेगमध्ये येतात. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ती पुढच्या टेबलावर फोन ठेवते, मागच्या खोलीतून मी विचारणा स्वीकारतो, आणि तिचा चहा येईपर्यंत फोटो मालमत्तेच्या नावाच्या फोल्डरमध्ये पोचलेले असतात. केबल कपाटाच्या खिळ्याला टांगलेली आहे. गेल्या आठ महिन्यांत ती दोनदा उतरवली, दोन्ही वेळा फोन चार्ज करण्यासाठी.